रयतेची वंशावळ

कार्ल लिनिअसने 1758 साली प्राण्यांना नावं द्यायला घेतली तेव्हा त्याच्या लेखी जगातली सगळी फुलपाखरं एकाच प्रजातीत मावत होती: पॅपिलिओ. (जवळच्या जाती मिळून प्रजाती, प्रजाती मिळून कुळ, हा क्रम पुढे वारंवार लागेल.) त्यांची आतली वाटणी मात्र त्याने दरबार भरवल्यासारखी केली. मोठी, रुंद पंखांची ती सरदार, आणखी काही अप्सरा, आणि उरलेली सगळी बारकी ती ‘प्लेबेई’, म्हणजे रयत. रयतेच्याही दोन वस्त्या होत्या. पंखांवर गडद ठिपके असलेली ती गावाकडची, पंखांत पारदर्शक खिडक्या असलेली ती शहरातली. आज आपण ज्यांना ब्लू आणि हेअरस्ट्रीक म्हणतो ती ढोबळमानाने पहिल्या वस्तीत पडली, स्किपर दुसऱ्या.

सरदारांचा हिशेब तुलनेने लवकर लागला. रयतेचा अजून लागतोच आहे. जगात फुलपाखरांच्या अठरा-एकोणीस हजार जाती धरल्या जातात. त्यांपैकी पाच हजारांवर लायसेनिडी कुळातल्या (ब्लू, हेअरस्ट्रीक, सिल्व्हरलाइन वगैरे), सुमारे चार हजार हेस्पेरिडी कुळातल्या (स्किपर) आणि दीड हजारांच्या आसपास रायोडिनिडी कुळातल्या (आपल्याकडची ‘ज्युडी’ आणि ‘पंच’). म्हणजे निम्म्याहून अधिक फुलपाखरं या तीन कुळांत येतात आणि त्यांतली बहुतेक उष्ण कटिबंधात राहतात. त्यांचं वर्गीकरण करायला आधी पंखांची नक्षी वापरली गेली, मग शिरा आणि पाय, मग जननांगं, मग डीएनए. प्रत्येक नव्या कसोटीने आधीची मांडणी थोडीफार मोडली. या सगळ्या मोडतोडीत टिकून राहिलं ते मुख्यतः अशा ठिकाणी, जिथे कोणीतरी अळी वाढवून पाहिली होती, असं माझं मत आहे. ते कशावरून, ते सांगतो.

आधी अडचण समजून घेऊ. ग्रास ज्युएल (फ्रेयेरिया पुतली) पंख पसरून जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर भरतं, पण लहान असणं ही फार तर डोळ्यांची कसरत झाली. खरा घोटाळा रूपांचा आहे. नर झळझळीत निळा आणि मादी मातकट तपकिरी, हे या मंडळींत नित्याचं. नराचा तो निळा बहुधा रंगद्रव्याचा नसतोच; खवल्यांच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशाचा तो खेळ असतो आणि पाहण्याचा कोन बदलला की तोही बदलतो. त्यात पावसाळी रूप वेगळं, कोरड्या हंगामातलं वेगळं. कॉमन सेरुलियन (जॅमिडीस सेलेनो) पावसात जन्मलं तर खालून एक दिसतं, उन्हाळ्याच्या तोंडी जन्मलं तर दुसरंच. पेटीत टाचणीला लावलेले सुके नमुने समोर घेऊन बसलेल्या माणसाने अशांना दोन नावं दिली तर त्याला दोष कसा द्यायचा?

एकोणिसाव्या शतकात नेमकं हेच झालं. लंडनमध्ये फ्रेडरिक मूरसारखे अभ्यासक भारतातून आलेल्या पेट्यांवर नावांचा सपाटा लावत होते. इकडे कर्नल चार्ल्स स्विन्हो, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या 1883 मधल्या संस्थापकांपैकी एक, मुंबई आणि दख्खनच्या पतंग-फुलपाखरांची यादी 1885 मध्ये प्रसिद्ध करत होते. कलकत्त्यात लायनेल द निसव्हिलने निराळी वाट धरली. अळ्या पाळून ऋतुरूपांचा गुंता सोडवता येतो, हे त्याने 1886 मध्ये तिथल्या जातींवर दाखवलं. ती फुलपाखरं लायसेनिडीतली नव्हती, पण पद्धत सगळ्यांनाच लागू होती.

ती पद्धत सगळ्यात निष्ठेने चालवली ती कारवारकरांनी. उत्तर कानडा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथे डेव्हिडसन, बेल आणि एटकिन या तीन सरकारी नोकरांनी जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर सोसायटीच्या जर्नलात 1896-97 मध्ये लेखमाला लिहिली. त्यांतला वनखात्यातला टी. आर. बेल पुढे 1909 पासून 1927 पर्यंत मैदानी भारतातल्या सामान्य फुलपाखरांवर लिहीत राहिला. अळी कुठल्या झाडावर, पानाच्या कुठल्या भागावर, कोष कसा, सोबत कुठल्या मुंग्या, हे सगळं त्यात आहे. त्याने वापरलेल्या नावांपैकी कितीतरी आज रद्द झाली, पण निरीक्षणं चालू आहेत. सह्याद्रीतल्या लहान फुलपाखरांच्या अळ्यांवर आज कोणी काही लिहू लागलं तर बेलला ओलांडून जाता येत नाही.

आता जननांगांकडे. पावसाळा सरता सरता कुठल्याही मैदानातल्या गवतावर गुडघे टेकून बसा. जमिनीलगत वितभर उंचीवरून उडणारी, खालून राखाडी आणि बारीक काळ्या ठिपक्यांची फुलपाखरं दिसतील. ती ग्रास ब्लू. एखादं पंख मिटून बसलं की पुढच्या पंखाच्या मधल्या बंद खणात ठिपका आहे का ते बघायचं. नसेल तर बहुधा लेसर ग्रास ब्लू. असेल तर पेल किंवा डार्क ग्रास ब्लू. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेलगत एक जादा ठिपका असेल आणि फुलपाखरू अगदीच इवलं असेल तर टायनी ग्रास ब्लू. एका ठिपक्यावर सगळी मदार असल्यामुळे ही सख्खी भावंडं आहेत असं कोणालाही वाटेल. मूरने 1881 मध्ये झिझेरा ही प्रजाती केली आणि पुढे काही दशकं ती तिच्यात एकत्र नांदलीही. मग 1910 मध्ये टी. ए. चॅपमन या ब्रिटिश डॉक्टरने नरांच्या पोटाची टोकं सोलून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. आतला सांगाडा एकमेकांशी जुळेचना. त्याने झिझेरिया, झिझिना आणि झिझुला अशा तीन प्रजाती वेगळ्या केल्या. 1955 मध्ये ब्युरेने पेल ग्रास ब्लूसाठी स्यूडोझिझेरिया ही चौथी काढली. ती हवी की झिझेरियातच भागतं, यावर आजही पुस्तकागणिक उत्तर वेगळं मिळतं. एका हिरवळीवर उडणारी, एका ठिपक्याने ओळखू येणारी चार फुलपाखरं तीन-चार प्रजातींत कशी, याचं उत्तर त्यांच्या राहणीत आहे: उघडं गवत, जमिनीलगतचं उडणं, लपायला राखाडी रंग. सारख्या राहणीने सारखं रूप घडवलं.

जननांगांच्या कसोटीचा सगळ्यात प्रसिद्ध पुरस्कर्ता मात्र कादंबरीकार निघाला. व्लादिमीर नाबोकोव्ह 1940च्या दशकात हार्वर्डच्या संग्रहालयात ब्लूंच्या पेट्या सांभाळत होता. दक्षिण अमेरिकेतल्या, विशेषतः अँडीज पर्वतातल्या ब्लूंवर 1945 मध्ये लिहिताना त्याने एक धाडसी तर्क केला: यांचे पूर्वज आशियातून बेरिंगच्या वाटेने पाच वेगवेगळ्या लाटांत आले असावेत. तेव्हा फार कोणी मनावर घेतलं नाही. 2011 मध्ये हार्वर्डच्याच नेओमी पिअर्स आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासला तेव्हा पाचही लाटा आणि त्यांचा क्रम बरोबर निघाला. नाबोकोव्हचं कौतुक इतकं झालं आहे की त्याचा दुसरा परिणाम झाकला जातो. त्याच्या मागून आलेल्यांनी अँडीजच्या ब्लूंत जननांगांच्या बारीकसारीक फरकांवर जातींची आणि प्रजातींची मोठीच भर घातली. त्यांतल्या किती उरतील याबद्दल मी फारसा आशावादी नाही.

लायसेनिडी कुळाची घडी ज्याने बसवली तो पुन्हा लष्करातलाच: लेफ्टनंट कर्नल जॉन इलियट. (स्विन्हो कर्नल, इलियट लेफ्टनंट कर्नल, पुढे भेटणारा स्किपरांचा इव्हान्स तर ब्रिगेडियर. लहान फुलपाखरं हे बराच काळ लष्करी अधिकाऱ्यांचं खातंच होतं म्हणा.) 1973 मध्ये त्याने सगळ्या कुळाची आठ उपकुळांत मांडणी केली आणि शीर्षकातच ती तात्पुरती असल्याचं सांगून टाकलं. पंखांतल्या शिरा, पाय, मिशा, डोळ्यांवरचे केस, जननांगं, असतील तिथे अळ्या, असं सगळं त्याने एकत्र तोललं. त्यामुळे अर्धशतकानंतर डीएनए येऊनही त्याचा आराखडा पुष्कळसा उभा आहे. सिल्व्हरलाइनांना आता स्वतंत्र उपकुळ मिळालं. त्याची लिप्टेनिनी आणि लायफायरिनी ही उपकुळं शेजारच्यांत विलीन झाली. हेअरस्ट्रीकांचं थेक्लिनी हे उपकुळ मात्र एकसंध वंश म्हणून टिकत नाही, असं डीएनए सांगतं. तिथली भांडणं मिटायला वेळ आहे.

इलियटने सनबीम (क्युरेटिस) या एकाच प्रजातीला अख्खं उपकुळ दिलं, ते अळी पाहिली की पटतं. करंजाच्या कोवळ्या पालवीत किंवा फुलोऱ्यात ती शोधावी. रंगाने ती पालवीत किंवा फुलांत मिसळून गेलेली असते. शेपटाकडच्या भागावर दोन ताठ नळ्या उभ्या असतात. तिला गवताच्या काडीने जरा डिवचलं की नळ्यांतून केसांच्या झुपक्यासारखे तंतू बाहेर येतात, गरगर फिरतात आणि पुन्हा आत जातात. ज्या लायसेनिडींचं जीवनचक्र माहीत आहे त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जातींचा मुंग्यांशी काही ना काही संबंध असतो. अनेकींच्या पाठीवर मुंग्यांना गोड रस पाजणारी ग्रंथी असते. सनबीमच्या अळीला ती ग्रंथी नाही. तिच्याकडे ही फिरती यंत्रणा आहे. एपफ्लाय (स्पाल्गिस एपियस) आणखी वेगळं. त्याची अळी पान खात नाही, ती पिठ्या ढेकणांवर जगते आणि तिचा कोष माकडाच्या तोंडासारखा दिसतो. पंख मिटून बसलेलं एपफ्लाय हे एक फिकट, बेचव फुलपाखरू. त्याचं घराणं अळीने सांगितलं.

रायोडिनिडींना वेगळं कुळ मानायचं की लायसेनिडींचं उपकुळ, हा वाद विसाव्या शतकात बराच रंगला. नराचे पुढचे पाय आखूड, हा मुख्य मुद्दा होता. पण लायसेनिडींतही नराचे पुढचे पाय थोडे बदललेले असतातच, त्यामुळे तराजू कुठेही झुकवता येई. इथेही अळीची साक्ष बोलकी ठरली. दोन्हींकडे मुंग्यांना रस पाजणारे अवयव आहेत, पण लायसेनिडींत ग्रंथी पोटाच्या सातव्या खंडावर, तर रायोडिनिडींत ते अवयव आठव्यावर. म्हणजे मुंग्यांशी जुळवून घेण्याची युक्ती दोघांनी स्वतंत्रपणे काढली असण्याची शक्यता दाट. डीएनएने दोन्हींना बहिणी ठरवलं, एक मात्र ठरवलं नाही, आणि आज ती दोन कुळं म्हणूनच वावरतात. रायोडिनिडींपैकी बहुतेक सगळ्या अमेरिकेत. आपल्या सह्याद्रीत या कुळाची प्रतिनिधी प्लम ज्युडी: वावडिंगाच्या किंवा अटकीच्या आसपास सावलीत, पानावर पंख अर्धवट उघडून बसणारी आणि बसल्या जागी सारखी तोंड फिरवणारी.

स्किपरांना तर पूर्वी फुलपाखरांच्या पंगतीतच घेत नसत. रुंद डोकं, जाड धड, टोकाशी आकड्यासारख्या वळलेल्या मिशा, यामुळे त्यांचं महाकुळच वेगळं होतं. डीएनएने हे मोडून काढलं. पॅपिलिओनिडी (स्वॅलोटेल) हे कुळ सगळ्यात आधी फुटलं, स्किपर त्यानंतर. त्यामुळे स्किपरांना बाहेर काढायचं तर स्वॅलोटेलांनाही काढावं लागेल. त्यांच्याबरोबर अमेरिकेतली हेडिलिडी ही रात्री उडणारी छोटी टोळीही आत आली. ती आधी पतंगांत मोडायची. माल्कम स्कोबलने 1986 मध्ये ती फुलपाखरं असल्याचं मांडलं. या प्रकरणावर आता फारसा वाद उरलेला नाही.

स्किपरांतला खरा वाद खालच्या पायरीवर आहे. ब्रिगेडियर विल्यम हॅरी इव्हान्स 1931 मध्ये निवृत्त झाला आणि 1956 मध्ये मरेपर्यंत लंडनच्या संग्रहालयात बसून जगातल्या स्किपरांच्या याद्या करत राहिला: आफ्रिका 1937, युरोप-आशिया-ऑस्ट्रेलिया 1949, अमेरिका 1951 ते 1955. एका माणसाने केलेलं इतकं काम या क्षेत्रात दुसरं क्वचितच असेल. पुढे कोस्टा रिकात एका स्किपरवरून जे घडलं त्याची पार्श्वभूमी हीच.

अ‍ॅस्ट्राप्टीस फुल्गरेटर हा स्किपरांच्या मानाने मोठा, निळ्या अंगाचा स्किपर. 1775 मध्ये त्याला नाव मिळालं. अमेरिकेच्या दक्षिणेपासून अर्जेंटिनाच्या उत्तरेपर्यंत सगळीकडे एकच जात, असं सर्वांनी धरलं. कोस्टा रिकाच्या गुआनाकास्ते अभयारण्यात डॅनियल जॅन्झन आणि विनी हॉलवॅक्स यांनी स्थानिक लोकांना शिकवून तयार केलं आणि वर्षानुवर्षं रानातून अळ्या गोळा केल्या, वाढवल्या. या एका ‘जाती’च्याच अडीच हजारांवर अळ्या. हळूहळू दिसायला लागलं की अळ्यांचे रंग-पट्टे वेगवेगळे आहेत आणि प्रत्येक रंगाची अळी ठरावीक झाडावरच आहे. त्यातून निघालेली फुलपाखरं मात्र जवळपास सारखी, आणि जॉन बर्न्स या स्किपरतज्ज्ञाला जननांगांतही फरक सापडला नाही. मग पॉल हेबर्टने मायटोकाँड्रियातल्या एका जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा, म्हणजे डीएनए बारकोड, वाचला. 2004 मध्ये निष्कर्ष आला: एक नव्हे, दहा जाती. त्यांना नावंही अळीच्या झाडावरून काढलेल्या संकेतांची दिली: सेल्टिसवरची ती ‘सेल्ट’, ट्रायगोनियावरची ती ‘ट्रिगो’, असं.

टीका लगेच झाली. अँड्र्यू ब्राउअरने तेच आकडे पुन्हा तपासून 2006 मध्ये म्हटलं, किमान तीन, फार तर सात. दहाला आधार नाही. चार वर्षं वाट पाहूनही कोणी रीतसर नावं देईना, तेव्हा 2010 मध्ये त्यानेच दहाही जातींचं बारसं उरकलं आणि हा वाईट पायंडा असल्याचं लेखाच्या शीर्षकातच नोंदवलं. मला या वादात दोघांचंही निम्मं पटतं. एका जनुकाच्या तुकड्यावर जात ठरवणं घाईचंच होतं. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतो, आणि व्होल्बाकिया नावाचे जिवाणू कीटकांत त्याच्या वारशातही ढवळाढवळ करतात. ब्लूंपुरतं पाहिलं तर जातींमधला आणि जातीतला फरक नीट वेगळा काढणारी बारकोडची सीमारेषा सापडत नाही, असं 2007 मध्येच एका अभ्यासाने दाखवलं होतं. पण गुआनाकास्तेचा निष्कर्ष एकट्या बारकोडवर उभा नव्हता. त्याच्यामागे अळ्या आणि झाडं होती, म्हणूनच तो उडवून लावता आला नाही. पुढे 2017 मध्ये तिथल्याच इतर काही फुलपाखरांचे संपूर्ण जीनोम वाचले गेले तेव्हा बारकोड आणि अळ्या मिळून जे सांगत होते ते खरं निघालं.

जीनोमने आता प्रजातींनाही हात घातला आहे. डॅलसमधला निक ग्रिशिनचा गट संग्रहालयातल्या जुन्या नमुन्याचा पाय घेऊन सगळा जीनोम वाचतो. 2019 मध्ये त्यांनी स्किपरांत पंखांची नक्षी पुन्हा पुन्हा स्वतंत्रपणे सारखी घडल्याचं दाखवलं आणि प्रजातींची मोठी फेरमांडणी केली. त्यात आपला अ‍ॅस्ट्राप्टीस फुल्गरेटरही टेलिगोनस फुल्गरेटर झाला. काम पक्कं आहे, पण वेग असा की पुस्तक छापून येईपर्यंत त्यातली नावं जुनी होतात. वंशवृक्ष डीएनए देतो. त्याच्या कुठल्या फांदीला प्रजाती म्हणायचं, हे माणूस ठरवतो. ब्लूंच्या बाबतीत 2013 मध्ये एक तोडगा सुचवला गेला: चार-पाच दशलक्ष वर्षांहून जुनी फांदीच प्रजाती मानावी. मला तो आवडतो. मोजमाप काहीसं मनमानी आहे खरं, पण निदान सगळ्यांना एकच लागतं.

आपल्याकडे काय? पश्चिम घाटात फुलपाखरांच्या सुमारे 330 जाती आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ या रयतेतल्या. 2023 मध्ये तमिळनाडूच्या मेघमलै भागातून सिल्व्हरलाइनची एक नवी जात, सिगारिटिस मेघमलैएन्सिस, जाहीर झाली. घाटातून फुलपाखराची नवी जात मिळाल्याला तेव्हा तीन दशकं उलटून गेली होती. म्हणजे शोधण्यासारखं उरलं आहे. अडचण अशी की जुने टाइप नमुने, ज्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय नवी जात ठरत नाही, ते बरेचसे लंडनमध्ये आहेत. इथे नमुना गोळा करायला परवानगी लागते आणि ती लागावीच. पण 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या जुन्या अनुसूचीत पी ब्लू आणि ग्राम ब्लूही होते. पहिल्याची अळी तूर-वाटाण्याच्या शेंगा पोखरते, दुसऱ्याची मूग-चवळीवर असते. शेतकरी फवारणी करून ज्यांना मारतो त्यांना अभ्यासासाठी धरायचं तर अर्ज करायचा, अशी ही गंमत होती.

बंगळूरच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेत कृष्णमेघ कुंटे यांच्या गटाने नमुने, छायाचित्रं आणि डीएनए यांची सांगड घालायला घेतली आहे, ही जमेची बाजू. पण प्रयोगशाळा अळ्या गोळा करू शकत नाही, त्यासाठी रानात माणसं लागतात. महाराष्ट्रात आणि गोव्यात आज फुलपाखरांचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या फोटोंत वरून उघडलेले, रंगीत पंख भरपूर असतात आणि वर्गीकरणाला त्यांचा उपयोग सगळ्यात कमी. तेव्हा विनंती एवढीच: लहान फुलपाखरू दिसलं तर खालच्या बाजूचा, पंख मिटलेला फोटो आधी घ्या. मादी अंडी घालताना दिसली तर त्या झाडाचा पान-फुलासकट फोटो आणि नाव टिपा. अळीजवळ मुंग्या असतील तर त्यांचाही फोटो घ्या. तारीख आणि ठिकाण लिहायला विसरू नका.